गाळलेल्या जागा

रस की गर, एवढंच ठरवायचं होतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वालेरियनची साखर चढली आहे,
नुसता रस बंद. प्यायचंच असेल तर चोथ्यासकट.
बोग्नाने श्चेचिनहून ब्लेंडर पाठवला,
पांढरा, हलका, आवाज मांजराएवढा.
तो ठेवायला ओट्यावर जागा नव्हती.
जागा आमच्या ज्यूसरने धरलेली, एकोणचाळीस वर्षं.

हा आम्ही घ्यायला गेलोच नव्हतो.
त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात, इथेच रादोममध्ये,
मी रांग धरली होती कपडे धुण्याच्या यंत्रासाठी,
दोन रात्री, पायांत वालेरियनचे मोजे.
माझा नंबर लागला तेव्हा दुकानात उरले होते
ज्यूसर आणि झुंबरं.
झुंबर टांगण्याइतकं आमचं छत उंच नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी
गाजरं, बीट, आमच्या बागेतली आंबट आन्तोनुफ्का सफरचंदं.
यंत्र असं गर्जायचं की खालची ग्रिझेल्दा
हीटरच्या नळीवर डाव आपटायची.
एका तोंडातून रस, दुसऱ्यातून चोथा.
रस त्याचा.
असं कुणी ठरवलं नव्हतं. पेला एकच भरायचा,
आणि तो रात्रपाळीवरून आलेला असायचा.
पुढे कारखाना बंद पडला.
पेला तसाच राहिला.

चोथा माझा.
त्यात अंडं फोडलं, रवा घातला, कटलेट थापली,
केकमध्ये लपवला, सूपला दाटपणा आणला,
अगदीच उरला तर बागेतल्या गांडुळांना.
बोग्ना म्हणायची, आई, तू केशरी गवत खातेस.
मी म्हणायचे, दात मजबूत होतात.
दात तर सगळे गेले.
तरी सांगते, चोथा वाईट नसतो.
त्याला चव असते,
फक्त आधी कुणीतरी चाखून झालेली.

दुसरीत असताना बोग्नाच्या वहीत होतं,
गाळलेल्या जागा भरा:
रविवारी बाबा टिंबटिंब पितात. आई टिंबटिंब पिते.
पहिल्या जागी तिने लिहिलं, रस.
दुसरी तशीच सोडली.
बाईंनी अर्धा गुण कापला.
मी त्या वहीवर सही केली होती, घाईत, ओल्या हाताने.

ब्लेंडरमध्ये परवा सफरचंद सालीसकट,
गाजर, सेलरीची एक काडी, थोडं पाणी.
पेल्यातून खाली उतरेना, चमच्याने ढकलावं लागलं.
वालेरियनने घोट घेतला आणि थांबला.
यात काहीतरी आहे, म्हणाला.
काय?
दाताखाली येतंय.
मग तो चावू लागला, डोळे मिटून,
पत्र लावणाऱ्या माणसासारखा, अक्षर अक्षर.

काल भंगारवाला ज्यूसर न्यायला येणार होता,
म्हणजे ग्रिझेल्दाचाच भाचा, मिरोन.
त्याआधी मी एकदा लावला. दोन किलो गाजरं.
खालून नळीवर ठोके आले, पण हळू, सवयीचे.
पेला भरला.
तो मी माझ्यासमोर ठेवला.

वालेरियन पेल्याकडे पाहत राहिला,
मग उठला, चोथ्याचं भांडं काढून आणलं,
चमचा घेतला, समोर बसला.
मीठ लागतं याला, म्हणाला थोड्या वेळाने.
लिंबू पण, मी म्हटलं. फडताळात आहे.

रस गोड होता. फार गोड, आणि पातळ.
चार घोटांत संपला.
एवढंच? असं मी मोठ्याने बोलले की मनात,
आठवत नाही. त्याने वर पाहिलं नाही.

मिरोनने यंत्र उचललं तेव्हा ओट्यावर
एक चौकोन उघडा पडला,
बाकी फरशीपेक्षा पांढरा, जवळजवळ नवा.
ब्लेंडर मी तिथेच ठेवला आहे.
तो लहान पडतो.
चारी बाजूंनी चौकोन दिसत राहतो.