सोमवार कुणाचा

पत्र मीच टाइप केलं.
हेडबाई सांगत होत्या, मी बडवत होते,
मध्येच फोन, कुणाच्या तरी डब्यात शेंगदाणे निघाले होते,
त्या गडबडीत 'नेरिस'चं 'नेरस' झालं
आणि तसंच राहिलं.

'सप्टेंबरपासून आपले कामाचे दिवस
सोम, मंगळ, बुधऐवजी
मंगळ, गुरू, शुक्र असे राहतील.
तासांत बदल नाही.
आपलं म्हणणं चौदा दिवसांत कळवावं.'
वेळापत्रक मात्र आधीच लॅमिनेट होऊन
स्टाफरूममध्ये लागलं होतं, किटलीच्या वर,
वाफेनं एक कोपरा सुटलेला.

नेरिस प्रिचर्ड. या शाळेत अकरा वर्षं,
आठवड्याचे तीन दिवस.
पूर्वी गरिबाघरची पोरं वार लावून जेवायची,
तसं तिनं जगणंच वार लावून घेतलं होतं.
शुक्रवारी पोर्थमॅडॉगच्या बेकरीत काउंटर.
गुरुवार बापाचा.

गुरुवारी ती त्याला गाडीत घालते,
ऑक्सिजनची बाटली मागच्या सीटवर, तिलाही पट्टा,
आणि बंद पडलेल्या खाणीसमोर गाडी लावते.
ज्या दगडाची कौलं व्हायची, शाळेच्या पाट्या व्हायच्या,
तो दगड आता नुसता डोंगरभर सांडलेला.
दोघं चिप्स खातात. काच खाली करत नाहीत.
म्हातारा एकेक थर ओळखतो:
हा माझा, हा ह्यूचा,
तो वरचा, ज्यानं ह्यूला नेलं.
एवढंच.
फॉर्मवर 'हरकतीचं कारण' याच्यापुढे
दीड ओळ होती.

ती आली. वाटलं, आता भांडेल.
तिनं माझंच पेन घेतलं,
'नेरस'मधल्या र-ला वेलांटी दिली,
आणि विचारलं, सोमवारी येस्टिनजवळ कोण?

येस्टिन सहा वर्षांचा. बोलत नाही सहसा,
बोललाच तर तिच्या स्वेटरच्या बाहीशी.
बघतील कुणीतरी, मी म्हटलं.
हे मी शाळेच्या वतीनं म्हटलं.
माझं स्वतःचं असं वाक्य
त्या वेळी हाताशी नव्हतं.

सप्टेंबर. वर्गातल्या फळीवर
कुणीतरी 'सोमवार' लावला.
येस्टिननं कार्ड काढलं, पालथं घातलं,
आणि अंगातला कोट न काढता
दिवसभर दाराशी बसून राहिला.
घरी जायचं नव्हतं त्याला,
त्याच्या लेखी शाळा भरलीच नव्हती.
मंगळवारी नेरिस आली.
मग त्यानं कोट खुंटीला अडकवला,
कार्ड शोधलं,
फळीवर लावलं: सोमवार.
बाईंनी पाहिलं. राहू दे, म्हणाल्या.

गुरुवारी साडेअकराला फोन वाजला.
धाप लागलेला आवाज.
नेरिस निघाली का?
आज तिची शाळा आहे, मी म्हटलं.
आता दर गुरुवारी.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास,
यंत्राचा आणि त्याचा.
माहीत आहे, म्हणाला.
आपलं विचारलं.