एक लांब, तीन आखूड

फहाहीलला दोन दिवस तोझ होता.
खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबूनही
भातात कचकच आलीच.
तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं
आणि शार्दूलचा कॉम्प्युटर बोंबलू लागला.

एक लांब. तीन आखूड.
पडदा काळा.
पुन्हा एक लांब, तीन आखूड.

मी नाइट करून आलेली. पायांत अजून वॉर्ड.
बारा तास असल्याच आवाजांत असते मी.
कुठला सलाइन संपल्याचा, कुठला नुसती वायर निसटल्याचा,
आणि कुठला ऐकला की हातातला चहा टाकून धावायचं,
हे मला झोपेतही कळतं.
या खोक्याची बोली मात्र येत नव्हती.

नवरा रिफायनरीत, शटडाऊनवर. फोनवर म्हणाला,
"जुना झालाय गं. पगार झाला की नवा घेऊ."
शार्दूल कीबोर्डवरची धूळ बोटानं ओढत होता.
"रविवारी प्रोजेक्ट द्यायचाय," एवढंच बोलला.

म्हणून हुर्झुकभाईंना फोन लावला.
मूळचे श्रीवर्धनचे. सूकमागच्या गल्लीत दुकान,
घड्याळं, मोबाइल, मिक्सर, काहीही उघडून बसलेले असतात.
"फोन त्याच्या पोटाला लाव," म्हणाले.
लावला.
पलीकडे ते ऐकत राहिले,
मध्येच कुणा गिऱ्हाइकाला अरबीत थांबवून.
"आणखी एकदा चालू कर."
मग हसले.
"अगो, बोंबलतंय ना? मग जीव आहे त्यात.
गप्प असतं तर मी घाबरलो असतो."

मी काही बोलले नाही.
सातव्या महिन्यात आलेली बाळं सांभाळते मी.
एखादं रडत नाही,
त्याच्या तळव्याला टिचक्या मारत
आम्ही चौघीजणी आपापला श्वास धरून असतो.
मग ते टाहो फोडतं,
आणि रोवेना, मनिलाची, आमच्यात सगळ्यात कडक,
भिंतीकडे तोंड करून नाक पुसते.

"प्लग काढ. बांगड्या काढ.
आधी नळाला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे."
स्क्रूड्रायव्हर सापडेना, सुरीचं टोक चाललं.
आत नाचणीच्या पिठासारखी धूळ,
पंख्याच्या पात्यांवर, तारांच्या बेचक्यांत,
टॉवेल चुकवून आलेली.
शार्दूलनं चित्रकलेचा ब्रश दिला.

दोन हिरव्या पट्ट्या, खाली सोनेरी दातांची रांग.
"मेमरी म्हणतात तिला. दातांवरून खोडरबर फिरव. हळू."
रबराला स्ट्रॉबेरीचा वास होता.
बाळाच्या हिरड्या पुसाव्यात तशी पुसली मी,
फुंकर मारली, बसवली, बटण दाबलं.

एक लांब. तीन आखूड.

शार्दूल उठून गॅलरीत गेला.
"आता एकच लाव," हुर्झुकभाई म्हणाले. "नाही, ती नको. दुसरी."
टक. पलीकडचा खटकाही, टक.
पंखा फिरला.
एकच आखूड आवाज, उचकी लागल्यासारखा,
आणि काळ्यावर पांढरी अक्षरं.

तारीख चुकली आहे, म्हणत होतं.
एक जानेवारी, दोन हजार तीन, रात्रीचे बारा.
"आतला सेल गेला. उद्या पाठव पोराला, अर्धा दिनार."
दोन हजार तीनच्या जानेवारीत मी मिरजेला होते.
व्हिसा आला नव्हता.
हा गॅलरीतून पळत आलेला मुलगाही नव्हता.
"आई, बदल ना तारीख!"
"तूच बदल," म्हटलं, "मला कुठली कळ ते कळत नाही."

गेलेली पट्टी फेकवेना.
बांगड्यांच्या बशीत ठेवली आणि आडवी झाले.
झोपेत कधीतरी शार्दूलचा आवाज आला,
फोनवर, दबक्या सुरात:
"नाही काका, आता अजिबात आवाज नाही,"
आणि मी दचकून उठले,
अनवाणी, दारापर्यंत.