अकरावी खेप

फाल्गुनीबेन माझ्या केसांत भांग पाडते,
आई तेल घालताना पाडायची तसा नाही,
अंधारात कुलपाचं भोक चाचपावं तसा,
आणि गार जेलचे चार थेंब ठेवते
जिथे म्हणे भूक राहते.

"हलशो नहीं," म्हणते.
मी हलत नाहीच.
न हलणं, न मागणं, पुढ्यातलं न संपवणं,
यात माझा हात कुणी धरणार नाही.

समोर पडद्यावर एक होडी.
डोकं निवलं की ती चालते, एवढंच.
मग फोटो येतो: वरणभात, वर तुपाची धार,
आणि होडी थबकते,
कुणी मागून दोरी ओढल्यासारखी.

मी जोर लावते.
जोर लावला की होडी आणखी रुतते.
बारावीत पहिली आले ती जोरावर,
सहा वर्षं पोळीचे तुकडे मोजले
तेही जोरावरच.
दुसरं काही येतंच कुठे मला?

डॉक्टर गुप्ते खोटं बोलत नाहीत.
"गुण येईलच असं नाही. आम्हीही अजून शिकतोय.
जेवणाचा तक्ता, बोलणं, ते सगळं चालूच ठेवायचं.
हे आपलं सोबतीला."
सोबतीला, एवढाच शब्द मी घरी नेला
रुमालात बांधून.

आई बाहेर बाकावर, मांडीवर डबा.
ती विचारत नाही आता.
तिचं न विचारणंही मला ऐकू येतं,
शिट्टीच्या आधीच्या कुकरसारखं.

गेल्या मंगळवारी रिक्षा पुलावर अडकली.
खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर,
जबडा सताड उघडा, उन्हात.
पोट चिखलावर पसरलेलं, आवरून धरलेलं नाही.
कठड्याला गर्दी, मोबाईल वर धरलेले,
एक पोरगा बापाच्या खांद्यावरून ओरडला,
"केवडी मोटी!"

मोठी.
हा शब्द असा टाळ्या वाजवत
कुणाला म्हणताना
मी ऐकला नव्हता.

आज वरणभाताचा फोटो आला तेव्हा
मला तो जबडा आठवला
आणि जोर लावायचा राहून गेला.
होडी हलली. वीतभर, फार तर.
फाल्गुनीबेननं वहीत आकडा लिहिला.
मी तो विचारला नाही.
मी. आकडा. विचारला नाही.

जिना उतरताना आई दोन पायऱ्या मागे,
माझ्या केसांत जेल वाळून चिकट झालेलं.
म्हटलं, डब्यात काय आणलंयस?
ती इतकी दचकली
की झाकण उघडेना तिला.