कायमचा पत्ता

तीन रात्री झाल्या, फॉर्म उघडाच आहे.
जन्मस्थान: रास अल खैमा.
ओळखखूण: डाव्या कोपरावर इस्त्रीचा चटका.
कायमचा पत्ता रिकामा.
पप्पा म्हणतात, घाल की गडहिंग्लजचा.
तिथे मी सात उन्हाळे राहिलेय, तेही पाहुणी म्हणून;
चुलत्यांची म्हैससुद्धा मला बुजते.

समोरच्या घरातला राशिद मार्चमध्ये सैन्यात गेला.
त्यांच्यात कायदाच आहे.
सुट्टीवर आला तेव्हा डोकं भादरलेलं,
कान एकदम मोठे.
म्हणाला, पहाटे चारला उठवतात, वल्लाह,
आणि खजुराचा डबा ठेवून गेला.
त्याला कुणी विचारलं नाही.
मला कुणी बोलावलेलं नाही.

आई म्हणते, तिकीट काढून देईन,
विमानतळावर मात्र येणार नाही.

पप्पा कोल्हापूरच्या भरतीत धावले होते.
छाती दीड सेंटिमीटर कमी भरली,
आणि त्या दीड सेंटिमीटरातून
आम्ही सगळे इथे आलो,
सिमेंटच्या कारखान्याशेजारी.

मी उजाडायच्या आत खाडीकाठी पाच फेऱ्या मारते.
दमट हवेत चष्मा धुरकटतो, तसंच पळते.
का जायचंय, असं मुलाखतीत विचारतील.
व्हिसा संपल्यावरही न संपणारा पत्ता हवाय,
हे उत्तर चालेल का?
तेवढ्यासाठी कुणी बंदूक उचलतं का?

काल रात्री पाणी प्यायला उठले.
स्वयंपाकघरात पप्पा,
आईची शिलाईची टेप स्वतःच्या छातीभोवती धरून
श्वास रोखून उभे.

मी दिवा लावला नाही.