नोंदवहीतलं प्रश्नचिन्ह

मी शर्यतीचं घड्याळ सांभाळतो.
अठ्ठावीस वर्षं, मेच्या शेवटच्या रविवारी,
तळ्यावरचं बर्फ फुटून पंधरवडा उलटला
की कोळ्यांच्या धक्क्यापाशी टेबल मांडायचं,
खुर्चीवर उशी, थर्मासमध्ये कॉफी,
आणि दोन घड्याळं: एक विश्वासाचं,
दुसरं त्याच्यावर नजर ठेवायला.

शर्यत म्हणजे तळ्याला एक प्रदक्षिणा, चौदा किलोमीटर.
मला दिसते ती फक्त सुरुवात आणि शेवट.
मधलं सगळं बर्चच्या झाडांमागे घडतं.

तार्मो पित्कानेन आला, छातीला ठोके मोजणारा पट्टा.
तो लापशी वजन करून खातो,
महिनाभर बिटाचा रस पितो, नऊला झोपतो,
आणि कुणी विचारलं नाही तरी हे सांगतो.

मग व्हिएनो कुइतिनेन, वय बावन्न.
फिरत्या वाचनालयाची बस चालवते.
त्या हिवाळ्यात ती चारदा धावली होती.
चारदाच. रस्ता माझ्या खिडकीखालून जातो
आणि मला दुसरं काम नसतं.
फेब्रुवारीत घोटा मुरगळला, मार्चभर खोकला,
एप्रिलमध्ये बसचा गिअरबॉक्स गेला
आणि ती पुस्तकं स्लेजवर घालून घरोघर ओढत फिरली.
आदल्या रात्री भाचीचं लग्न.
अकॉर्डियन थांबला तेव्हा तीन वाजले होते;
रात्र म्हणावी असं काही आमच्याकडे मेमध्ये नसतंच.

आली ती केसांत लग्नातली फुलं तशीच,
बिल्ला उलटा टाचलेला,
एका बुटाची नाडी तुटलेली, तिच्या जागी जाळ्याचा दोरा.
तहान लागल्यावर विहीर खणायची,
हिने तर कुदळही आणली नव्हती.
"मी चालतच येईन," म्हणाली,
"माझ्यापुरतं सूप ठेवा."

एक तास नऊ मिनिटं चार सेकंद.

मी विश्वासाचं घड्याळ कानाला लावलं.
मग दुसरं.
तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ
एक तास सोळा, तीही चाळिशीतली.
तार्मो अजून झाडांमागेच होता.

पलीकडच्या काठावर पाणी देणाऱ्या पोरीला बोलावून विचारलं:
इथून गेली का ही? खरंच गेली?
"गेली की," पोरगी म्हणाली, "पाणी नाही घेतलं.
आज वार कोणता, एवढंच विचारून गेली."

मग सूपाभोवती कारणांची गर्दी.
डॉक्टर म्हणाले, पायांना विश्रांती मिळाली.
कुणी म्हणालं स्लेज, कुणी म्हणालं नाच.
तार्मो म्हणाला, वारा.
ती सामनचे काटे बशीच्या कडेला लावत होती.
"पाय माझे नव्हते," म्हणाली. मग जरा थांबून,
"होते माझेच. मी लक्ष देत नव्हते, इतकंच."

मी वेळ नोंदवहीत लिहिली
आणि पुढे, पेन्सिलीनं, बारीकसं प्रश्नचिन्ह.

पुढच्या वर्षी तिनं सगळं केलं.
तार्मोचा तक्ता उतरवून घेतला, फ्रिजवर लावला,
एकही चौकोन कोरा नाही.
बिटाच्या रसानं ओठ रंगले, नऊला दिवा बंद.
माझ्या खिडकीखालून ती इतक्यांदा गेली
की मी मोजणं सोडलं.
नाडी नवी. बिल्ला सरळ.
एक तास सतरा.

सूपाच्या रांगेत न थांबता ती टेबलाशी आली.
"गेल्या वर्षीचं," तिनं विचारलं, "खरं होतं ना?"
मी वही उघडली. तिनं पाहिलं.
अठ्ठावीस वर्षांत वहीत मी काही खोडलेलं नाही.
खोडरबर शोधायलाच वेळ लागला,
आणि कागद तिथे जरासा फाटला.

"ठेव तसंच," ती म्हणाली.
मागून कुणीतरी येत होतं, धापा टाकत.
मला घड्याळाकडे बघायला हवं होतं.