छत्तीस हजार विड्या

अम्माला रुपये कळत नाहीत असं नाही,
पण तिचं माप वेगळं.
हजार विड्यांना दोनशे.
जगातली प्रत्येक वस्तू ती या मापात घालून बघते,
डॉक्टरची फीसुद्धा.

म्हणून नव्या पेठेतल्या तळघरात
हत्तुरेने बोर्ड आणि प्रोसेसर काउंटरवर ठेवून
"अठ्ठावीसशे. जुनाय, पण दणकट. घे की बे," म्हटलं
तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप
चौदा हजार पानं कातरली गेली.

रॅम साडेचार हजार.
पॉवर सप्लाय तीन हजार, पंखा थोडा खरखरतो.
जुनी हार्डडिस्क नको, म्हणाला,
कधी बसेल सांगता येत नाही, तेवढी एसएसडी नवी घे.
सात हजार.
मॉनिटर बुडालेल्या कुठल्याशा पतपेढीतला, चौकोनी,
कडेला अजून चिकटपट्टी : काउंटर क्र. ३, जेवणाची सुट्टी.
सहा हजार.
कीबोर्ड-माऊस मिळून दीड.
'ळ' पुसलेला.

अनुषा टॅलीच्या क्लासला जाते,
तिथे एका कॉम्प्युटरला तिघी,
हिच्या वाट्याला नेहमी बघणं.
म्हणून हे सगळं.

कॅबिनेटचे पैसे वाचले, ते असे :
नाना एकवीस वर्षं जेकार्डचे पुठ्ठे पंच करायचे.
भोक असेल तिथे धागा वर,
नसेल तिथे खाली,
आणि शेवटी चादरीवर मोर.
मग अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मागावर एक डबा बसला, डब्यात पेनड्राइव्ह,
आणि मालकाने नानांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.
आमच्याकडे केबिनमधला चहा म्हणजे काय
ते सगळ्यांना कळतं.

मी पिशवी जमिनीवर रिकामी केली
तेव्हा वाटलं, हे उठून बाहेर जाणार.
गेलेच.
परत आले ते पुठ्ठ्यांची लाकडी पेटी झटकून.
मागच्या अंगाला करवतीने खिडकी पाडली.
"याला वारा कुठून लागतो?"
एवढंच विचारलं.
एप्रिल, वर पत्रा, बाहेर बेचाळीस.
इथे वारा कुणालाच लागत नाही,
पण मी बोट ठेवून दाखवलं.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.
पीं, पीं, पीं.
अम्माने सुपातून मान वर केली,
छत्तीस हजार विड्या
एकदम ओल्या झाल्यासारखी.
हत्तुरे फोनवर जेवत जेवत म्हणाला,
"रॅम काढ, खोडरबराने घास,
बसवताना टक् वाजलं पायजे बे."
अनुषाचं खोडरबर, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.
घासलं.
टक्.

मग ती निळसर उजेडाची चौकट,
सगळ्यांच्या तोंडावर.
शेजारची अंबूबाईसुद्धा दारात, हात पिठाचे तसेच.
अनुषाने स्वतःचं नाव लिहिलं,
पुसलं, परत लिहिलं.

नाना रात्री सगळे झोपल्यावर उठले.
"यात चौकटीचा कागद असतो का रे?"
मी चित्राचा प्रोग्राम उघडला, मोठा केला, आणखी मोठा,
चौकटीच चौकटी.
त्यांनी माऊस धरला, जसा पंच धरायचे,
मनगट ताठ.
एक चौकट काळी. दोन सोडून एक काळी.
ओठात तेलुगू आकडे.
तासाभरात मोराची मान आली, तुरा आला,
पिसाऱ्याची दोन पिसं,
आणि गल्लीतली लाईट गेली.

सेव्ह केलं नव्हतं.
मला सांगता येईना.
अंधारात माऊसची वायर सरळ करत
नानाच म्हणाले, "गेला का? जाऊ दे. पाठाय मला."

भिंतीकडे तोंड करून झोपलेली अम्मा
झोपलेली नव्हती.
"लाईट गेली तरी चालू राहतो
असा डबा असतो म्हणे," ती म्हणाली.
"तो किती हजारांचा?"