पाणी जोखणे

कॅम्पातला आल्विन मस्कारेन्हस
बर्फाच्या डब्यात दोन तुकडे घेऊन आला.
"गिऱ्हाईक म्हणतं, मी सुईनं पाणी मारतो.
ट्रेमध्ये बघा म्हणतं, गुलाबी डबकं.
बाई, आईशपथ मारत नाही.
हे कुठनं येतं तेवढं लिहून द्या."

पावती फाडली. नमुना अ, नमुना ब.
डुक्कर हा शब्द आमच्या रजिस्टरात नाही.
आगाशे सर काचेपलीकडूनच विचारतात,
टक्केवारी किती?
मुलाखतीत त्यांनी माझं पाणी जोखलं होतं:
"कुसाळकर, म्हणजे वडारवाडी?
मग तुम्हाला किळस येणार नाही."
आली नाही. नोकरी मिळाली.

कण्याच्या कडेचं लांब मांस घ्यायचं,
अंगठ्याएवढी जाड चकती.
आधी वजन.
मग आकड्याला अडकवून
फुगवलेल्या पिशवीत अशी टांगायची
की ती कुठेच टेकू नये.
टेकली, की आकडा खोटं बोलतो.
चार अंश. अठ्ठेचाळीस तास.
या वेळात कोणी पिळत नाही, दाबत नाही.
जे आपणहून सुटतं
तेवढंच मोजायचं.

आप्पांकडे बारा होती,
कानाच्या कापावरून ओळखायची.
ज्याचा दिवस ठरला असेल
त्याला आदल्या सांजेपासून काठी लागत नसे.
सावलीत गोणपाट, कळशीभर पाणी,
आणि आम्हा पोरांना दम:
आज आरडाओरडा नाही, दगड नाही, फटाका तर नाहीच.
स्वतः शेजारी बसून बिडी ओढायचे,
मधूनच त्याच्या कानामागे खाजवायचे.
"भ्यालेलं गळतं, पोरी."
मला वाटायचं, मुततं म्हणतायत.

तिसऱ्या सकाळी पिशव्या उतरवल्या.
अ: एकशे चार पूर्णांक बासष्ट होतं,
एकशे एक पूर्णांक अडतीस राहिलं.
तीन टक्के आणि वर थोडं. चालतं.
ब: अठ्ठ्याण्णवातले सात ग्रॅम
पिशवीच्या तळाशी.
चकती फिकी, ओल्या पुठ्ठ्यासारखी,
बोट ठेवलं तिथे खळगा तसाच.
दोन्हींचं वय एक, खाणं एक,
एकाच गोठ्यातली.

आल्विनला फोन लावला. टेम्पो?
"हां, ब वाला दुपारचा.
कात्रजला दोन तास अडकला,
उतरवताना पोरांनी जरा हाणलं,
आणि लगेच. गिऱ्हाईक थांबलं होतं ना."
अ आदल्या रात्रीच आलं होतं.

पुस्तकात याला कारण आहे:
धावपळीत, धसक्यात
अंग गरम असतानाच आंबतं,
आणि मांसाच्या धाग्यांना
आपलंच पाणी धरून ठेवता येत नाही.
आप्पांनी पुस्तक पाहिलं नव्हतं.
महापालिकेची गाडी बाराच्या बारा उचलून घेऊन गेली,
त्या रात्री ते गोणपाटावर बसून होते,
आणि मी याबद्दल इथे
काही मांडणार नाही. आमच्याकडे तो रकाना नाही.

शेरा होता. शेऱ्यात लिहिलं:
बाहेरून पाणी भरल्याचा पुरावा नाही.
जनावराला रात्रभर निवांत पडू द्यावं.

सरांनी कागद काचेला लावला.
"निवांत? याला संदर्भ काय?"
"तोंडी," म्हटलं.
पहिल्यांदाच ते अलीकडे आले,
चप्पल बदलून, टोपी घालून.
ब पिशवी उजेडाला धरली,
बराच वेळ. काहीच बोलले नाहीत.
मग 'रात्रभर निवांत' खोडून
'किमान बारा तास विश्रांती' केलं
आणि सही.

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू?" आल्विन.
सांगा, म्हटलं, पाणी त्याचं त्याचंच आहे.
"कोणाचं?"
त्याचं.

संध्याकाळी पिशव्या धुतल्या.
ब मधलं पाणी, अर्धं चहाचं झाकण भरेल एवढं,
बेसिनमध्ये ओतलं
आणि नळ
लागतो त्याहून जरा जास्त वेळ
चालू ठेवला.